पीस फेलोशिपला अर्ज करताय? आधी तुमचा प्रश्न शोधा

शांतता, संघर्ष निवारण, डेव्हलपमेंट या विषयांत बाहेर मास्टर्स करायचंय पण फी आवाक्याबाहेरची आहे, अशा लोकांनी रोटरी पीस फेलोशिप जरूर बघा. ट्यूशन, राहणं-खाणं, येण्याजाण्याचं तिकीट, इंटर्नशिप सगळं त्यात येतं. मास्टर्सला संबंधित कामाचा निदान 3 वर्षांचा अनुभव लागतो आणि सेंटर, म्हणजे ज्या युनिव्हर्सिटीत रोटरीचा हा कोर्स चालतो ती, स्वतःच्या देशाबाहेरचंच घ्यावं लागतं. आणि हो, रोटरीचे सदस्य आणि त्यांची मुलं-नातवंडं यांना अर्जच करता येत नाही. बऱ्याच जणांना वाटतं की घरात कोणी रोटेरियन असला की काम सोपं, तर तसं नाहीये.

आता खरी गोष्ट. अर्जात "मला समाजासाठी काहीतरी करायचंय" हे सगळेच लिहितात, त्यानं तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. तुम्ही जिथे काम केलंत तिथलं एकच भांडण घ्या, जमिनीचं असेल, पाण्याचं असेल, कॅम्पमधल्या रेशनचं असेल, आणि लिहा की बैठकीला कोण होतं, कोणाला बोलावलंच नव्हतं, मिटलं असं सगळे म्हणाले तरी पुन्हा का पेटलं, आणि यातलं नेमकं काय तुम्हाला अजून कळलेलं नाही. तो न कळलेला भाग म्हणजेच तुमचा अर्ज, असं माझं ठाम मत आहे. रेफरन्स देणाऱ्यांनाही तीच गोष्ट आधी सांगून ठेवा म्हणजे पत्रं आणि निबंध एकमेकांना धरून राहतात.

सेंटरही त्या प्रश्नावरूनच निवडा, रँकिंग बघून नको. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला 1973 पासून पीस स्टडीजचा विभाग आहे. स्वीडनमधल्या उप्सालाला आकडेवारीचं काम जोरात चालतं, जगभरचे संशोधक वापरतात तो संघर्षांचा डेटा तिथेच तयार होतो. शिवाय ब्रिस्बेनला क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी आणि टोकियोला इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटी आहे.

त्या डेटाबद्दल थोडं सांगतेच, कारण फील्डवरून आलेल्या माणसाला तो आधी फार टोचतो. उप्सालाच्या व्याख्येत एका कॅलेंडर वर्षात लढाईत निदान 25 माणसं मेली तर तो सशस्त्र संघर्ष, 1000 झाली तर युद्ध. म्हणजे 24 मेली तर त्या वर्षी ती जागा यादीत नाहीच. मला हे ऐकून रागच आला होता, पण रेषा कुठेतरी आखल्याशिवाय दोन देशांची, दोन वर्षांची तुलना करताच येत नाही, हे हळूहळू पटतं. आणि रेषेखाली जे राहतं त्यासाठी योहान गाल्टुंग हा नॉर्वेचा शांतता-अभ्यासक वाचायचा. थेट मारहाण नसतानाही व्यवस्थेमुळे माणसं उपाशी, आजारी राहतात त्याला त्यानं 1969 च्या लेखात संरचनात्मक हिंसा म्हटलं, डेव्हलपमेंट आणि पीस एकत्र का शिकवतात ते तिथे उलगडतं.

वर्गात मध्यस्थीचे रोल-प्ले असतात, ते टाळू नका. तुम्हाला मध्यस्थ करतात, समोर दोन गट, एक म्हणतो सगळं पाणी आमचं, दुसरा उठून चालायला लागतो, आणि तुम्हाला तोडगा सुचवायची प्रचंड घाई होते. तेव्हा गप्प बसून "पाणी कुठल्या महिन्यात कमी पडतं?" एवढंच विचारता येणं ही खरी ट्रेनिंग. मागणी एक असते, गरज वेगळी निघते, कधी कधी दोघांना पाणी वेगवेगळ्या महिन्यांत हवं असतं.

फील्डवर्कआधी युनिव्हर्सिटीकडून एथिक्सची परवानगी, म्हणजे तुमच्या प्रश्नांनी कोणाला इजा होणार नाही याची तपासणी करून मिळणारी मंजुरी, घ्यावी लागते, तिला वेळ लागतो, फॉर्म लवकर भरायला घ्या. ती कटकट वाटली तरी गरजेची आहे, कारण हिंसा सोसलेल्या माणसाला तुम्ही प्रश्न विचारून निघून जाता आणि तो तिथेच राहतो, त्याचं नाव तुमच्या वहीत असणंही त्याला महागात पडू शकतं. नावाऐवजी कोड लिहा, आणि नावांची यादी नोट्ससोबत एकाच बॅगेत कधीच ठेवू नका.