कोविडनंतरचा थकवा सरत नसेल तर या चुका टाळा

आमच्या मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणजे तीन दिवस घरातल्या बाईची पाठ जमिनीला टेकत नाही. फुलोरा, पुरणपोळी, सोळा भाज्या, पंगती. माझ्या वहिनींना २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविड झाला होता, तो घरच्या घरीच निभावला. भाद्रपदात त्यांना बरं वाटत होतं, म्हणून सणाचं सगळं त्यांनीच उरकलं. विसर्जनाच्या दिवशीही ठीक होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरायला हात वर धरवेना. कंगवा मांडीवर ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, रात्रभर झोपले, तरी झोपलेच नाही असं वाटतंय." पुढचे अकरा दिवस त्या अंथरुणाला खिळून होत्या.

त्यानंतर आम्ही एकामागून एक चुका केल्या. तुमच्या घरी त्या होऊ नयेत म्हणून लिहितो आहे.

सलाईन लावून आणणं

थकवा म्हटलं की सलाईन आणि लाल इंजेक्शन, ही आपल्याकडची रीतच आहे. बी-१२ खरोखर कमी असेल तर इंजेक्शनाचा उपयोग होतो, पण ते आधी तपासायला हवं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२, किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या करून घ्या. रोज संध्याकाळी कणकण येत असेल, खोकला हटत नसेल, वजन उतरत असेल तर टीबीची तपासणी आधी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. छातीत दुखत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर थांबूच नका, लगेच डॉक्टर गाठा.

"रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग मनाचंच असणार"

ही चूक सगळ्यात जास्त दुखावते. वहिनींचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि त्याच दिवसापासून भावकीत "आळस चढलाय" अशी कुजबुज सुरू झाली. असा महिनोन्महिने न सरणारा आणि श्रमानंतर वाढणारा थकव्याचा आजार म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम. तो रक्ताच्या एखाद्या चाचणीत दिसत नाही. तो लक्षणांवरून ओळखतात. सहा महिन्यांहून जास्त काळ आधीसारखं काम न झेपणं, श्रमानंतर दुखणं वाढणं, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि सोबत एकतर डोक्यात धुकं भरल्यासारखं होणं किंवा उभं राहिलं की त्रास वाढणं. अमेरिकेत २०१५ मध्ये ठरवलेले हे निकष कागदावर लिहून डॉक्टरांकडे घेऊन जा. आम्ही तसंच केलं, आणि तेव्हा कुठे कुणीतरी नीट ऐकून घेतलं.

लाँग कोविड आणि हा आजार एकच समजणं, किंवा त्यांचा काही संबंधच नाही असं मानणं

दोन्ही चूक. लाँग कोविड ही मोठी मोट आहे. कुणाचं फुप्फुस, कुणाचं हृदय, कुणाचा वास गेलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या व्याख्येप्रमाणे लागण झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणारी लक्षणं त्यात धरतात. त्यातल्याच काही रुग्णांना क्रॉनिक फटीग सिंड्रोमचे निकष पुरेपूर लागू होतात.

संसर्गानंतर असं होणं नवं नाही. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या ग्रामीण भागात संशोधकांनी तीन वेगवेगळ्या संसर्गांच्या रुग्णांचा पाठपुरावा केला. सहा महिन्यांनंतर सुमारे ११ टक्के लोकांना हाच आजार जडलेला होता. त्या तीन संसर्गांपैकी रॉस रिव्हर विषाणू आपल्याकडच्या चिकुनगुनियाच्या कुळातला. म्हणून कोविड झालेला नसला तरी मोठ्या तापानंतर त्राणच परत येत नसेल, तर हा आजार लक्षात ठेवा.

चांगल्या दिवशी सगळं काम उरकणं

खरी गोम इथे आहे. "पडून राहिलं की अंग आखडतं, पहाटे चालायला जा" असं मीच वहिनींना सांगत होतो. इतर बऱ्याच दुखण्यांत हा सल्ला योग्य असतो, या दुखण्यात तो घातक ठरू शकतो. श्रमाचा फटका लगेच बसत नाही. बहुतेक वेळा १२ ते ४८ तासांनी बसतो आणि मग दिवसचे दिवस, कधी आठवडे पुरतो. त्यामुळे कशाने दुखणं वाढलं हेच घरच्यांना कळत नाही. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०२४ मध्ये लाँग कोविडच्या रुग्णांना व्यायाम करायला लावून स्नायूंचे तुकडे तपासले, तर व्यायामानंतर स्नायूंतली इजा वाढलेली दिसली. उपचार कसे करावेत याचे सल्ले ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्येच क्रॉनिक फटीग सिंड्रोमसाठी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा जुना सल्ला मागे घेतला होता.

आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरचा आधार घेतला. जास्त काम झालं त्या तारखेला टिंब, अंथरूण धरलं त्या तारखेला फुली. दोन महिन्यांत दिसून आलं की जवळजवळ प्रत्येक फुलीच्या एक-दोन दिवस आधी टिंब आहे. कधी पाहुणे, कधी सोयाबीनच्या मजुरांचा स्वयंपाक. आणि एक टिंब नुसतं बँकेत दोन तास बसून कागद भरल्याचं! डोक्याचं काम आणि मनस्ताप हेसुद्धा श्रमच. तेव्हापासून नियम केला, झेपेल असं वाटतं त्याच्या निम्मंच करायचं, आणि थकायच्या आधी थांबायचं. आजार यानं बरा होत नाही, पण फुल्या कमी होतात. वहिनींच्या झाल्या.

उभं राहून काम करणं

ओट्याशी उभं राहिलं की धडधड, डोळ्यांपुढे अंधारी? दहा मिनिटं आडवं पडून नाडी मोजा, मग उभं राहून दहा मिनिटांत पुन्हा मोजा. चक्कर येते, म्हणून जवळ कुणीतरी हवंच. मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त वाढत असतील तर आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा, त्यावर औषधं आहेत. मीठ-पाणी वाढवायचं तेही त्यांनाच विचारून, बीपीवाल्यांनी तर नक्कीच. आणि उन्हाळ्यात हा त्रास वाढतो, तेव्हा पाणी भरणं दुसऱ्या कुणीतरी करावं.

वहिनी आता पाटावर बसून भाकरी थापतात. दोन झाल्या की परात बाजूला सरकवतात. उरलेल्या दादा थापतो आणि मी भाजतो.