बंदीची यादी आली की रडायचं नाही, आधी वाचायची: एका रॉटविलरवाल्याचं गाईड

12 मार्च 2024 चं केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं ते पत्र, 23 जातींच्या कुत्र्यांच्या आयात, ब्रीडिंग आणि विक्रीवर बंदी घाला असं राज्यांना सांगणारं, व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं तेव्हा आमच्या जळगाव-धुळ्याच्या कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता धिंगाणा. निम्मे म्हणे "आपला कुत्रा कोणले चावस नही भो", निम्मे आपापल्या कुत्र्यासोबतचे फोटो टाकत होते. पत्र कोणीच वाचलं नव्हतं. मीही नाही, तिसऱ्या दिवशी वाचलं आणि मग कळलं की वाचणं हेच पहिलं काम होतं.

कारण वाचल्यावर काय दिसलं, यादीत तोसा इनू पण आहे आणि जपानी तोसा पण आहे, म्हणजे एकच कुत्रा दोनदा. पुढे नुसतं "टेरियर" लिहिलंय. टेरियर म्हणजे काय एक जात आहे का, त्यात मांडीवर बसणारा छोटा यॉर्कशायर पण येतो. आणि ज्यांच्याकडे आधीच ही कुत्री आहेत त्यांनी कुत्र्यांची नसबंदी करून घ्यायची, म्हणजे यादीतला आमचा रॉटविलर एका पिढीत इथून संपला. आता सांगा, "आमचा शेरू खूप प्रेमळ आहे" यात जोर जास्त की "तुमच्या यादीत एकच जात दोनदा आहे, म्हणजे जाणकाराच्या नजरेखालून ही गेलेली दिसत नाही" यात?

पुढे 10 एप्रिलला कर्नाटक हायकोर्टानी आणि 16 एप्रिलला दिल्ली हायकोर्टानी ते पत्र रद्द केलं. ग्रुपवर पेढे वाटायचे मेसेज आले. पण कोर्टानी ही कुत्री निरुपद्रवी आहेत असं काही म्हटलेलं नाही बरं का. मुद्दा हा होता की ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं ऐकून न घेता निर्णय झाला, आधी लोकांच्या हरकती घ्या. म्हणजे दार उघडलं ते बोलण्यासाठी, आणि आता बोलता आलं पाहिजे.

तर हरकत कशी लिहायची. सगळ्यात आधी समोरचा कागद काय आहे ते ओळखा, संसदेचा कायदा आहे, नियम आहेत, नुसतं पत्र आहे की आपल्या महापालिकेचा ठराव आहे, कारण प्रत्येकाचं टेबल वेगळं आणि उत्तर देणारा माणूस वेगळा. मग एका पानात बसेल असं लिहा. वर पत्राचा क्रमांक आणि तारीख, मग कोणत्या ओळीवर हरकत आहे ती ओळ जशीच्या तशी, मग त्यानी नेमकं काय बिघडतं, आणि शेवटी त्याऐवजी काय करावं. हे शेवटचं लोक विसरतात आणि तिथेच हरतात. साहेबाच्या डोक्यावर कुत्रा चावलेल्या पोराच्या बापाचा अर्ज असतो, त्याला काहीतरी करून दाखवायचंच असतं, तुम्ही पर्याय दिला नाही तर तो बंदीच उचलणार. पत्र दिलं की दुसऱ्या कॉपीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या. एका ऑफिसात मला "ठेवून जा, बघतो" म्हणाले, मी ठेवून आलो, महिन्यानी विचारलं तर असं पत्र आलंच नाही. चूक माझी पण होती.

पर्याय काय द्यायचा? बरेचसे आधीच कायद्यात आहेत, फक्त कोणी वापरत नाही. 2017 च्या कुत्र्यांच्या ब्रीडिंगच्या नियमांत ब्रीडरनी राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे, आठ आठवड्यांच्या आतला पपी विकायचा नाही. आपल्याकडे किती ब्रीडर नोंदणीवाले आहेत ते एकमेकांच्या तोंडाकडे बघून सांगा. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 तर थेट मालकावर आहे, जनावर नीट सांभाळलं नाही आणि माणसाला धोका झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. म्हणजे जात बघून नाही तर मालक बघून कारवाई करा हे म्हणायला आपल्याला नवीन काही शोधायचंच नाहीये. बाहेरचं उदाहरण पाहिजे असेल तर इंग्लंडात 1991 पासून जातीवर कायदा आहे, तिथे कुत्र्याचे आईबाप कोण ते नाही तर दिसतो कसा ते बघतात, बंदीत आधी चार प्रकार होते, 2024 च्या फेब्रुवारीपासून पाचवा, एक्सएल बुली, सर्टिफिकेटशिवाय ठेवणंही गुन्हा झालं. उलट नेदरलँड्सनी पिटबुलवरची बंदी 2008 मध्ये मागे घ्यायचं ठरवलं कारण चावण्याच्या घटना काही कमी झाल्या नव्हत्या. दोन्ही सांगा. एकच सांगितलं आणि समोरच्यानी दुसरं काढलं तर मग तोंड लपवावं लागतं.

आणि वही ठेवा. ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आणि ग्रुपमध्ये सगळ्यात नावडती. आपल्या भागातल्या आपल्या जातीच्या प्रत्येक कुत्र्याची एक ओळ: वय, मायक्रोचिप, रेबीजच्या लसीची तारीख, कुठून आणला, कुठे बांधतात, आणि कोणाला चावला का. चावला असेल तर लिहायचंच. आमच्या वहीत सुरुवातीला चावल्याचा रकाना एकदम कोरा होता, मग एका डॉक्टरांकडे बसून चहा पिता पिता कळलं की तीन प्रकरणं झालीत, तिन्ही घरातलीच, तिन्ही वेळा कुत्रा दिवसभर गच्चीवर साखळीला, मे महिन्यात, 45 डिग्रीत. ही ओळ लिहिली आणि आमचं बोलणंच बदललं, कारण आता आम्ही साखळी आणि ऊन यावर नियम मागू शकत होतो. लपवलं असतं तर ते दुसऱ्या कोणीतरी काढलंच असतं.

डॉग शोचं प्रकरण वेगळं. इथे एक गैरसमज खूप आहे की क्लबच्या मीटिंगला हात वर केला की स्टँडर्ड, म्हणजे जात कशी असावी याचं लेखी वर्णन, बदलतं. नाही बदलत. रॉटविलरचं स्टँडर्ड हे जर्मनीचं, एफसीआय या कुत्र्यांच्या जागतिक संघटनेतलं 147 नंबरचं, आणि ते तिथूनच बदलतं. शेपटीचंच बघा, जर्मनीत 1998 ला शेपटी कापणं बंद झालं आणि आज स्टँडर्डला नैसर्गिक शेपटीच पाहिजे, तरी इकडे "कट शेपटी, हेवी हेड, बिग बोन" म्हणून पपी विकतातच. स्टँडर्डमध्ये नराची उंची 61 ते 68 सेंटिमीटर आणि वजन साधारण 50 किलो आहे, आणि लोक 65 किलोचा नर स्टड, म्हणजे ब्रीडिंगचा नर, म्हणून मिरवतात आणि मग त्याच्या पोरांचे खुबे दोन वर्षांत जातात.

मग आपल्या हातात काय? शो कसा घ्यायचा ते. दुपारी बारा ते चार रिंग चालवू नका, सावली आणि पाणी रिंगपाशीच पाहिजे, चिप रीडरनी खात्री केल्याशिवाय एंट्री नको, माणसावर धावून आलेला कुत्रा त्याच दिवशी बाहेर मग मालक कोणी का असेना, आणि जजनी दोन ओळी का होईना लेखी द्याव्यात. एका वेळी एकच प्रस्ताव द्या, मीटिंगच्या पुरेसा आधी, डॉक्टरांच्या सहीसकट. क्लबवाले म्हणतील असं कुठे असतं का, तर सांगा की इंग्लंडातल्या क्रफ्ट्स या मोठ्या डॉग शोला 2012 मध्ये 15 जातींच्या विजेत्यांची जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासणी ठेवली होती आणि सहा जातींचे विजेते त्यात अडकून पुढच्या फेरीतून बाहेर गेले. जर्मनीतला रॉटविलर क्लब तर ब्रीडिंगच्या आधी खुब्याचा एक्स-रे आणि स्वभावाची परीक्षा दोन्ही बघतो. आपल्याकडे स्टडचा स्वभाव कोण बघतं, फोटो बघतात.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा म्हातारा कसा आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतो, मग दात, मग चालवून बघतो, मालक कितीही बोलला तरी तोंड उघडत नाही. तसं बघा आपल्या कुत्र्याकडे. हरकत किंवा प्रस्ताव घेऊन प्रतिनिधी म्हणून जो जाईल त्याचा स्वतःचा केनेल असेल तर सोबत एक बिनब्रीडरवाला माणूस न्या, मास्तर, डॉक्टर, कोणीही, नाहीतर तुम्ही जातीचं बोलताय की पपीच्या किमतीचं हे समोरच्याला कळत नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही प्रस्तावासोबत जोडायला चौदा नर मोजले, लाकडी पट्टी आणि केळीच्या वखारीतला काटा. माझा सुलतान 70 सेंटिमीटर आणि 61 किलो भरला. बायको म्हणाली, "आता तुमचाच ओव्हर निघाला, लिहिता का?" मोजणीच्या यादीत चौथ्या नंबरवर आहे तो, आणि त्याचं मेटिंग आम्ही बंद केलंय.