पोरांच्या हातात नेल टाकताना या चुका टाळा

शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सीझन लागला की पेठेतली पोरं गल्लीबोळात पण बॉल घेऊन पळतात, आणि आमच्याकडे मोडलेले हात यायला लागतात. मोडलेलं हाड आतून धरून ठेवायला त्यात सळई, म्हणजे नेल, टाकताना चुका मात्र दरवर्षी त्याच.

सगळ्यात डोक्यात जाणारी म्हणजे फ्रॅक्चर न उघडताच नेल टाकायचा हट्ट. सी-आर्मखाली (ऑपरेशन करताना चालू एक्स-रे दाखवणारं मशीन) ठोकत बसायचं, नेल पलीकडच्या तुकड्यात न जाता दरवेळी मांसात शिरतो, हात आतून सुजत जातो, पण छेद द्यायला कमीपणा वाटतो. अरे बाबांनो, मध्ये स्नायू अडकलेला असतो, तो ठोकून हलणार आहे का? माझं ठरलेलंय, 3 वेळा नाही गेला तर फ्रॅक्चरवर छोटा छेद, टोकं डोळ्यांनी बघून जुळवायची आणि नेल सरकवायचा, विषय संपला.

कागलकडचा एक पोरगा असाच दुसरीकडून आमच्याकडे आला. ऑपरेशन झाल्यापासून रडत होता, इंजेक्शनवर इंजेक्शन चाललेलं, वर "लाडावलंय" म्हणून शेरा. आई सांगत होती, "डॉक्टर, ह्यो असा रडणारा न्हाई ओ." बोटं गुलाबी, नाडी लागतीय म्हणून सगळे निवांत. मी फक्त बोटं हळू सरळ करायला गेलो तर किंचाळला. कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे आतल्या सुजेच्या दाबानं स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो! त्याच रात्री फॅशिओटॉमी केली, म्हणजे स्नायूंवरचं आवरण कापून दाब मोकळा केला, हात वाचला, पण नंतर कातडी लावायला लागली. नाडी लागते म्हणजे कंपार्टमेंट नाही, हे डोक्यातून काढा आधी. पोराला पेनकिलर जास्त जास्त लागायला लागलं की प्लास्टर कापायचं आणि हात बघायचा.

दुसरी चूक, कोपर न दिसणारा एक्स-रे. एकटं अल्ना (करंगळीकडचं हाड) मोडलंय असं वाटतं आणि वर कोपरात रेडिअसचं (अंगठ्याकडचं हाड) डोकं निखळलेलं असतं, म्हणजे मोंटेजिया. रेडिअसच्या मधून काढलेली रेघ प्रत्येक व्ह्यूत कॅपिटेलममध्ये, म्हणजे दंडाच्या हाडाच्या कोपरातल्या गोल टोकात, गेली पाहिजे. कोपर आणि मनगट दोन्ही दिसत नसेल तर मी फिल्म परत पाठवतो, टेक्निशियन चिडला तरी चालेल.

बाकी किरकोळ. रेडिअसला मागून शिरताना टेंडन बघून बाजूला घ्या, नाहीतर अंगठा उचलणारी दोरी नेलच्या टोकावर घासून तुटते. ग्रोथ प्लेटपासून, म्हणजे हाड जिथून वाढतं तिथून, लांब राहा. जाड नेल कोंबू नका. पाच वर्षांच्या पोराला दहा अंशाच्या बाकासाठी टेबलावर घेऊ नका, तो बाक वाढताना आपोआप सरळ होतो. आणि नेल लांब ठेवला तर कातडीला टोचतो, फार आखूड कापला तर सहा-आठ महिन्यांनी काढताना घाम फुटतो, आणि तेव्हा कापणारा हमखास सुट्टीवर असतो.