इथे बदली नाही

वसईतल्या मुलाला फादर म्हटलं की बदली आठवते. गावात रमलेले फादर एक दिवस निरोप घेतात, नवे येतात. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात जायचं तर पाठवतील तिथे जायची तयारी हवी. संत बेनेडिक्टच्या नियमानं चालणाऱ्या बेनेडिक्टाइन मठात मात्र आज्ञापालनाबरोबर स्थैर्याचंही व्रत असतं, म्हणजे ज्या मठात शपथ घेतली तिथेच आयुष्य काढायचं. मी दक्षिणेतल्या अशाच एका मठात आहे. मठात यायचं म्हणून चौकशीला येणारी मुलं हमखास विचारतात, "ब्रदर, कंटाळा येत नाही का?"

येतो. पण जागेचा नाही, माणसांचा. शेजारचा ब्रदर पहाटेच्या प्रार्थनेत रोज त्याच ओळीला बेसूर होतो. नोकरीत असतो तर टेबल बदलून घेतलं असतं; इथे उद्याही तोच शेजारी. संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात मठातल्या जगण्याचा नियम लिहिला, तेव्हा पहिल्याच अध्यायात तीन-चार दिवस या मठात, तीन-चार त्या मठात पाहुणचार झोडणाऱ्या भटक्या संन्याशांना फैलावर घेतलं. (ती जमात अजून आहे, आता रिव्ह्यूही लिहिते.)

घाईनं कोणी अडकत नाही. आलेल्याला चार-पाच दिवस दारात ताटकळत ठेवा, असं नियमाचा 58वा अध्याय सांगतो. आता तसं करत नाहीत, पण चाळणी लांबलचक आहे. नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा उमेदवारीचा काळ, किमान 12 महिन्यांचं. त्यात 15 दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर ते दिवस भरून काढावे लागतात. 3 महिन्यांपेक्षा जास्त झाले तर चर्चच्या कायद्यानं ते नोव्हिशिएटच रद्द. बहिणीचं लग्न ठरत असेल तर प्रवेशाआधी बोला. पुढे किमान 3 वर्षं तात्पुरती व्रतं, मग कायमची.

नोकरी करून आलेल्यांना जड जातं ते ज्येष्ठतेचं. ती मठात आल्याच्या क्रमानं ठरते. दिवसाच्या दुसऱ्या तासाला आलेला पहिल्या तासाला आलेल्याहून धाकटा, मग वय आणि हुद्दा काहीही असो.

मठ निवडताना डोंगर आणि शांतता पाहून भुलू नका. इटलीतला माँते कसीनोचा, खुद्द बेनेडिक्टनं स्थापलेला मूळ मठ लाँबर्डांनी सहाव्या शतकात उद्ध्वस्त केला, तेव्हा संन्यासी एकत्र रोमला गेले. आठव्या शतकात तिथे पुन्हा मठ उभा राहिला. 1944च्या बॉम्बहल्ल्यानंतरही बांधला. इमारती पडतात, वचन माणसांशी असतं. म्हणून सणाला नको, साध्या कामाच्या दिवशी या. भांडी घासायला थांबा. आजारी ब्रदरांचं कोण करतं, ते पाहा.

उच्च शिक्षणाला बाहेर पाठवतात का? पाठवतात, काही जण रोमच्या संत आन्सेल्म या बेनेडिक्टाइन विद्यापीठात जातात आणि शिकून आपल्याच मठात परततात. कोणाला पाठवायचं ते मठाधिपती ठरवतात, तेव्हा हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून टाका.