मोल्ड अलगद बसवायचा, तर होइस्ट कसा निवडावा

मोल्ड (भाग घडवायचा जड साचा) मशीनच्या प्लेटवर बसवायचा असो की जुवारीकाठच्या यार्डात बोटीचं इंजिन बेडवर उतरवायचं असो, खरा कस शेवटच्या पाच मिलिमीटरला लागतो. होइस्टचं (लोड उचलायच्या विजेच्या यंत्राचं) कोटेशन मागवताना मात्र आपण आधी टन सांगतो. त्याआधी वेग ठरवा.

मिनिटाला 4 मीटर हा वेग कागदावर संथ दिसतो, पण त्या वेगाने हूक सेकंदाला 67 मिमी उतरतो. बटणावरचं बोट उठेपर्यंत लोड टेकलेला असतो. 6:1 प्रमाणाची दोन वेगांची मोटर घेतली तर संथ वेग सेकंदाला 11 मिमी मिळतो आणि साध्या फिटिंगला तो पुरतो. गाइड पिना (मोल्ड नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्या) जुळवायच्या असतील तर सेकंदाला 5 मिमीच्या आत या, म्हणजे मिनिटाला 0.3 मीटर. तिथे मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारा व्हीएफडी ड्राइव्हच घ्यावा. एका वेगाच्या होइस्टवर टकटक बटण दाबून लोड उतरवायची सवय फार महागात पडते. दर स्टार्टला मोटर कित्येक पट करंट ओढते, कॉन्टॅक्टरचे (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळतात आणि ब्रेक लायनर झिजतो.

ड्राइव्ह घेताना पुरवठादाराला एक प्रश्न जरूर विचारा: ब्रेक सुटण्याआधी मोटरमध्ये टॉर्क (फिरवण्याचा जोर) भरतो का? भरत नसेल तर वर घ्यायचं बटण दाबताच लोड आधी किंचित खाली बसतो, आणि पिनेवर अडकलेल्या मोल्डला तेवढाच धक्का पुरतो. शिवाय संथ वेगात मोटर गार करणारा शाफ्टवरचा पंखाही संथ फिरतो. बराच वेळ संथ वेगातच काम असेल तर मोटरला वेगळा ब्लोअर लावून घ्या.

हूक सरळ उतरतो का, तेही बघा. एकाच बाजूने रोप गुंडाळणाऱ्या ड्रमवर हूक चढता-उतरता ड्रमच्या लांबीत सरकत जातो. दोन्ही टोकांकडून गुंडाळणारा, चार फॉलचा (लोड रोपच्या चार पदरांवर टांगणारा) होइस्ट घेतला तर हूक जागेवर राहतो. चेन होइस्टचा हूकही सरळ चालतो आणि दोन टनांपर्यंत तो सोयीचा पडतो. फक्त चाकाच्या खाचांत कड्या बसताना लोडला बारीक थरथर येते. गर्डरचा, म्हणजे होइस्ट ज्या तुळईवर टांगतो तिचा, लोडखाली येणारा बाकही हिशेबात धरा. 7.5 मीटर स्पॅनला 1/750 बाक म्हणजे 10 मिमी. लोड टेकू लागला की गर्डर तेवढा वर येतो, म्हणून हूक आणखी खाली घेत राहावं लागतं.

आता टन. मोल्ड 1.4 टन, स्लिंग आणि लिफ्टिंग बीम 150 किलो, म्हणजे 2 टनांचा होइस्ट. पुढे-मागे उपयोगी पडेल म्हणून 5 टनांचा घेऊ नका. मोल्ड मशीनला धरणारा एखादा क्लॅम्प सोडायचा राहून गेला तर 2 टनांच्या होइस्टचा ओव्हरलोड लिमिटर तिथेच थांबवतो. 5 टनांचा ओढतच राहतो आणि आय बोल्ट (मोल्ड उचलायचा कडीचा बोल्ट) तुटू शकतो. ही चूक जीवघेणी आहे.

ड्यूटी क्लास (होइस्ट किती कष्टाच्या कामासाठी बनलाय त्याचा दर्जा) एम5 घ्या. एम3 ला तासाला साधारण 150 स्टार्ट धरतात, एम5 ला 240, आणि जुळवाजुळवीच्या कामात स्टार्टच जास्त होतात.

गोव्याचा पावसाळा आणि खारं वारं कोटेशनमध्येच लिहून टाका: आयपी55 (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण), मोटर आणि पॅनलमध्ये आत ओल धरू नये म्हणून स्पेस हीटर. होइस्ट पावसाळाभर बंद राहिला तर ब्रेकला गंज धरून लायनर चिकटतो. पुन्हा सुरू करताना आधी रिकामा हूक चालवून ब्रेक नीट सुटतो-धरतो ना, ते तपासा. फार्मा प्लांटसाठी स्टेनलेस चेन मागवत असाल तर त्याच जाडीला तिची क्षमता सहसा कमी धरली जाते, म्हणून निर्मात्याचा तक्ता बघा. सॉल्व्हंटची वाफ असेल तिथे फ्लेमप्रूफच (आतल्या ठिणगीने बाहेर भडका उडू न देणारा) होइस्ट हवा.

ताब्यात घेताना पूर्ण लोड अर्धा मीटर उचला, खाली डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावा आणि दहा मिनिटं काटा बघा. तो हलला तर ब्रेक सेट करून घेतल्याशिवाय सही करू नका. मग संथ वेगात दहा वेळा थांबवून, बटण सोडल्यावर लोड किती मिमी घसरतो ते दर वेळी लिहून ठेवा. आकडे एकमेकांजवळ असतील तर ऑपरेटरला त्या घसरणीचा अंदाज बसतो. ते पसरलेले असतील तर ब्रेकची गॅप किंवा लायनर तपासायला लावा. 125 टक्के लोडची चाचणी आणि सक्षम व्यक्तीचं (कायद्याने मान्य तपासनिसाचं) प्रमाणपत्र त्याच दिवशी मागून घ्या; पुढे सक्षम व्यक्तीकडून तपासणी दर 12 महिन्यांनी करावी लागते.