आतून डावं, बाहेरून उजवं: काचेच्या साइटवर मी कुठं फसलो

सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीतल्या आमच्या गोडाऊनच्या मागच्या भिंतीला एक काच टेकवून ठेवली आहे. रुंदी १२०० मिमी, एका बाजूची उंची २४८०, दुसऱ्या बाजूची २६१०. डबल काच आहे, म्हणजे मधे पोकळी ठेवून जोडलेल्या दोन काचा: बाहेरची करडी टफन, म्हणजे तापवून कडक केलेली, आतली लॅमिनेटेड, म्हणजे मधे चिकट पडदा घालून जोडलेली. चारही कोपरे शाबूत, कुठं ओरखडा नाही. चार वर्षं झाली, ती कुठल्याच भिंतीत बसलेली नाही आणि बसणारही नाही. अशा अकरा होत्या. अकराच्या अकरा मापं माझ्या हातची.

काचेच्या कामात यायचंय, काय शिकून येऊ, असं विचारणारे पोरांचे फोन हल्ली येतात. टफन म्हणजे काय, लॅमिनेटेड म्हणजे काय, स्पायडर कशाला म्हणतात, हे तुम्हाला माहीत असतंच. ते मी उगाळत बसत नाही. मी कुठं आपटलो ते सांगतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. सिव्हिलचा डिप्लोमा केला, वर्षभर घरी बसलो, मग एका काचेच्या ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर म्हणून लागलो. पगार १४ हजार. सहाव्या महिन्यात मला उजनीच्या बॅकवॉटरकडच्या एका मोठ्या रिसॉर्टच्या कामावर पाठवलं. लॉबीला स्पायडरवर, म्हणजे काच धरणाऱ्या स्टीलच्या पंजांवर, टांगलेली काच, खोल्यांना पाण्याकडं उघडणारे सरकते दरवाजे, पूलभोवती काचेचं रेलिंग, आणि एका बाजूला उतरत्या छपराचं रेस्टॉरंट. रेस्टॉरंटची पश्चिमेची भिंत सगळी काचेची. छप्पर एकाच दिशेनं चढत जाणारं, त्यामुळं प्रत्येक काच वरून तिरकी आणि प्रत्येकीची उंची वेगळी. पहिली २४८० ला सुरू, शेवटची ३९१० ला संपते. दर काचेला १३० मिमीचा चढ.

मापं घ्यायला मी मे महिन्यात दुपारी चारला गेलो. सोलापूरकडचा मे तुम्हाला सांगायला नको. पश्चिमेचं ऊन त्या भिंतीवर सरळ येत होतं, परांचीचे पाइप हातात धरवत नव्हते. मग मी काय केलं? आत सावलीत उभा राहिलो आणि आतूनच मापं घेतली. डावीकडची उंची, उजवीकडची उंची, खालची रुंदी. माप एकदम चोख. दोन्ही कर्ण ताडून पाहिले, ओळंबा लावला, लेसरनं लेव्हल काढली. वहीत अकरा चौकोन काढून आकडे टाकले, रात्री संगणकावर चित्र केलं, सकाळी मेल करून टाकला.

कारखान्यात चित्र नेहमी बाहेरून पाहिल्यासारखं वाचतात. मी काढलं होतं आतून पाहून.

इथं जरा थांबा, कारण 'हो, कळलं' म्हणून पुढं जाल आणि माझ्यासारखेच पडाल. मलाही वाटायचं की हे शेंबड्या पोरालाही कळतं. पश्चिमेच्या भिंतीकडं तोंड करून आत उभे राहा. तुमचा डावा हात दक्षिणेला. आता बाहेर जा आणि त्याच भिंतीकडं तोंड करा. डावा हात उत्तरेला. काच तीच, भोक तेच, पण डाव्याचं उजवं झालं. काच सरळ आयताकृती असेल तर काही बिघडत नाही, २४८० दोन्हीकडं २४८०. म्हणूनच ही चूक महिनोन् महिने झाकलेली राहते. मी त्याआधी दोनशेच्या वर काचांची मापं आतून घेतली होती आणि एकही चुकली नव्हती. तिरकी काच, भोकांची काच, बिजागरीची काच आली की चूक बाहेर येते, तीही काच बनून आल्यावर.

मग वाटतं, उलटी फिरवू या, बसेल. साधी एकेरी काच असती तर बसलीही असती. पण उन्हाच्या भिंतीला जी डबल काच वापरतात तिला बाहेर-आत असतं. बाहेरून मोजत आलात की काचेच्या पृष्ठभागांना एक, दोन, तीन, चार असे नंबर पडतात, आणि उष्णता अडवणारा थर आपल्याकडं दोन नंबरवर ठेवतात, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला. फिरवली की तो थर तीन नंबरवर जातो. बाहेरची करडी काच आत येते, आतली पांढरी, म्हणजे बिनरंगी, बाहेर जाते. शेजारच्या आयताकृती काचा करड्या आणि मधल्या अकरा पांढऱ्या, तर मालक रिसॉर्टच्या फाटकातूनच ओरडेल. आणि कापून घ्यावी म्हटलं तर टफन काच कापता येत नाही. सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापवून गार हवेच्या झोतानं एकदम निववलेली असते ती. वरचा थर आवळलेला, आतला ताणलेला. कटर लावायचा अवकाश, हातात खडीसाखर.

काचा जुलैत आल्या. हायड्रा क्रेननं पहिली उचलली, व्हॅक्यूम लिफ्टरनं, म्हणजे हवा ओढून काच धरणाऱ्या कपांनी, चौकटीसमोर आणली, आणि वरची तिरकी कड छपराच्या बीमला फुली मारल्यासारखी उलटी. मला वाटलं पोरांनी फिरवून लावली. फिरवा म्हणालो. फिरवली. कड जुळली, रंग गेला. दुसरी काढली, तेच. तिसरी पेटीतून काढायची हिंमत झाली नाही.

आमचे जुने फिटर अण्णा शेजारी तंबाखू मळत उभे होते. तेही पूर्व भागातलेच, घरी तेलुगू, साइटवर मराठी-हिंदीचा काला. म्हणाले, "चादर आहे का बे ही, उलटी करून पांघरायला?"

वडिलांनी विणलेल्या चादरी मी आयुष्यभर दोन्ही बाजूंनी पांघरल्या आहेत. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरी नक्षी, तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्यावर लाल. उलटी म्हणून चादर कधी वाया गेली नाही. त्या दिवशी मी पावसात स्टोअरच्या मागं जाऊन रडलो, हेही लिहून ठेवतो, कारण असल्या लेखांत हे कुणी लिहीत नाही.

अण्णांना नंतर विचारलं, मी आतून मापं घेताना तुम्ही बघत होता, बोलला का नाहीत? "विचारलंस का?" एवढंच. माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे, की न सांगणारा गुरू अर्धाच गुरू. जुन्या कारागिरांची ही खोड वाईट आहे, पोर पडल्याशिवाय शिकत नाही म्हणतात. पडलेल्या पोराच्या पगारातून पैसे कापले जातात ते यांना दिसत नाही. माझे पाच महिने अर्धा पगार कापला. पण हेही खरं, की दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाच माझ्याबरोबर बाहेर परांचीवर चढले आणि अकराही मापं पुन्हा घेऊन दिली. एसी केबिनमधून 'चेक करके भेजो' असा मेल टाकणाऱ्या साहेबापेक्षा तंबाखूवाले अण्णा परवडले. तुम्हाला टेप हातात धरू देतो तो धरा, बाकीचे सोडा.

आता मी काय करतो ते. मापाच्या कागदावर डावं-उजवं लिहीतच नाही. उत्तर टोक, दक्षिण टोक लिहितो. दिशा समजत नसेल तर पाण्याची बाजू, किचनची बाजू. पाणी काही आतून पाहिलं म्हणून जागा बदलत नाही. प्रत्येक चित्राच्या वर मोठ्या अक्षरात 'बाहेरून पाहता' लिहितो आणि माणूस उभा आहे त्या जागी बाण काढतो. तिरक्या काचेला प्लायचा साचा करतो, तो चौकटीत बाहेरून लावून बघतो आणि बाहेरच्या अंगावर मार्करनं 'बाहेर' लिहितो. साचा पाठवताना ट्रकवाल्यानं तो पालथा टाकला तरी अक्षर बोलतं. उंची फरशीपासून मोजत नाही, कारण फरशी सपाट असल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. लेसरची एक आडवी रेघ सगळ्या भिंतीवर मारायची आणि तिथून वर आणि खाली मोजायचं. आणि एकदम अकरा काचांची ऑर्डर कधीच नाही. आधी एक बनवून आणा, बसवा, मग दहा. पाच-सहा आठवडे जास्त लागतात म्हणून ठेकेदार बोंबलतो. बोंबलू द्या. माझ्या चुकीनंतर नव्या काचा यायला तेवढेच लागले होते, आणि उद्घाटनाची तारीख पुढं गेली ती वेगळीच.

काच साइटवर आली की थर कुठल्या अंगाला आहे ते लायटरनं बघा. ज्योत काचेसमोर धरली की डबल काचेत चार ज्योती दिसतात. एकीचा रंग बाकीच्या तिघींपेक्षा वेगळा असतो, तिथं थर. बाहेर उभे राहून तुमच्याकडून मोजलं तर ती दुसरी यायला हवी. आतली काच लॅमिनेटेड असली तरी चारच धरा, मधल्या चिकट पडद्याची वेगळी ज्योत सहसा दिसत नाही. शंभर वेळा सांगितलं तरी पोरं स्टिकरवर विश्वास ठेवतात. स्टिकर लावणारा तुमच्यासारखाच पंधरा हजारवाला असतो.

बाकीचं थोडक्यात. वजनाचा हिशोब तोंडपाठ हवा: एक चौरस मीटर काच, एक मिमी जाड, म्हणजे अडीच किलो. आमची सर्वांत मोठी तिरकी काच दोनशे किलोच्या घरात होती. सक्शन कप लावण्याआधी काच पुसा, इकडची धूळ कपाखाली राहिली की कप हळूहळू हवा सोडतो आणि काच निसटते तेव्हा आवाज देत नाही. निसटलीच, तर पकडायला जाऊ नका. हे विनोदानं सांगत नाही. हात मागं, पाय मागं, काच पडू द्या. काचेची किंमत कापून घेतात, बोटं परत मिळत नाहीत. मे महिन्यात दुपारी चारनंतर वळवाचं वारं सुटतं, तेव्हा क्रेनला काच लटकवायची नाही, साहेब कितीही घाई करो.

सिलिकॉनबद्दल दोन गोष्टी. उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन स्वस्त असतं. ते लॅमिनेटेड काचेच्या कडेला आणि आरशाला लावू नका. काचेच्या मधला पडदा कडेनं सुटायला लागतो आणि आरशाची पाठ काळी पडते. न्यूट्रल मागा. दुसरं, एका नळीतलं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं वाळतं, बाहेरून आत, दिवसाला दोन-तीन मिमी. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याहून सावकाश. भर दुपारी तापलेल्या अॅल्युमिनियमवर मारलेली रेघ सकाळपर्यंत छान दिसते आणि पंधरा दिवसांत सुटते. सकाळी दहाच्या आत काम करा.

अॅल्युमिनियम तापल्यावर काचेच्या अडीचपट वाढतं. तीन मीटरची चौकट पहाटेपासून दुपारपर्यंत चाळीस अंश तापली तर पावणेतीन मिमी वाढते, काच एकच मिमी. म्हणून काच आणि चौकट यांच्यामधे सगळीकडून जागा सोडायची आणि काच रबराच्या ब्लॉकवर बसवायची, दोन ब्लॉक, दोन्ही टोकांपासून पाव रुंदीवर. जागा सोडली नाही तर काय होतं ते पहिल्या उन्हाळ्यात कळतं. आणि बसवलेल्या काचेवर सिमेंटचं पाणी ओघळू देऊ नका, शेजारी ग्राइंडर चालू देऊ नका. सिमेंटचे डाग वाळले की काच खातात, ठिणग्या तर काचेला देवीच्या खड्ड्यांसारखे व्रण देतात. गवंडी आणि वेल्डर तुमच्याशी भांडतील. चहा पाजून भांडा, पण भांडा.

घाबरवतोय असं वाटेल. तसं नाही. हे काम शिकायला इंग्रजी लागत नाही, कोर्सही लागत नाही. दहा दिवसांत 'फसाड तज्ज्ञ', म्हणजे काचेच्या दर्शनी भिंतींचा जाणकार, बनवणाऱ्या जाहिराती येतात, तिथं जाणारे पैसे चांगल्या लेसरला घाला. वर्षभर पाना-पकड धरून फिटरच्या मागं फिरलात तर पुढं दुबई-पुणे कुठंही जाल. आमच्या गल्लीतला एक जण गेलाय. मी नाही गेलो, गड्ड्याच्या यात्रेला सुट्टी मिळणार नाही म्हणून, असं मी घरी सांगतो. खरं तर अजून भीती वाटते.

कारण मागच्याच महिन्यात एका हॉटेलच्या शॉवर पार्टिशनची ऑर्डर करताना बिजागरीची भोकं मी पुन्हा उलट्या बाजूला टाकली होती. संध्याकाळी मेल जायच्या आधी पकडलं. मी नाही पकडलं. अण्णांचा धाकटा मुलगा आता आमच्याकडं लागलाय, तो कागद बघून म्हणाला, "सर, हे दार आत उघडणार की बाहेर?" मी त्याला चहा सांगितला आणि कागद पहिल्यापासून पुन्हा काढायला बसलो.