तासभर पाणी येणाऱ्या घरांसाठी: नळापासून संडासापर्यंत काय करायचं, कसं करायचं

हे लिहितेय ते मुंबईतल्या चाळीत, वस्तीत, डोंगरावरच्या घरात राहणाऱ्यांसाठी, जिथे पाणी दिवसातून तास-दीड तास येतं, कधी पहाटे तर कधी रात्री अकरानंतर, आणि बाकीचा सगळा दिवस घर पिंपावर चालतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्याला पाणी सात तलावांतून येतं, भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, विहार आणि तुळशी, आणि त्यातलं बहुतेक भांडुप कॉम्प्लेक्स नाहीतर पांजरापूरला शुद्ध करून, क्लोरीन घालून शहरात सोडतात. म्हणजे तिथून निघताना ते पिण्यालायक असतं. ते घाण होतं आपल्या गल्लीत आल्यावर, शेवटच्या शंभरेक फुटांत. आधी गटारातून गेलेल्या पाइपात, मग आपल्या पिंपात, मग आपल्या हाताने. म्हणून हजारो रुपयांचा फिल्टर घ्यायच्या आधी हे शंभर फूट नीट करा, माझं तर स्पष्ट मत आहे की पैसे आधी तिथे घालावेत.

पाइप कसा तपासायचा ते सांगते. पाणी चालू असताना, रात्र असेल तर टॉर्च घेऊन, आपल्या नळापासून मेन लाइनकडे उलटं चालत जा. जिथे पाइप गटारात बुडालाय तिथे थांबा आणि जॉइंटपाशी नीट बघा. गटाराचं पाणी तेवढ्याच जागी हलतंय, बुडबुडे येतायत, किंवा काळ्या पाण्यात एवढासा पट्टा स्वच्छ दिसतोय, तर पाइप तिथेच लीक आहे. आत्ता प्रेशर आहे म्हणून पाणी बाहेर येतंय, पण पाण्याचा टाइम संपला की पाइप रिकामा होतो, आतलं प्रेशर जातं आणि त्याच भोकातून गटार आत शिरतं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी आलं की तीच घाण ढकलत सगळ्यात आधी तुमच्या कळशीत येते. बऱ्याच जॉइंटला सायकलची ट्यूब, वर प्लास्टिकची पिशवी आणि सुतळी गुंडाळलेली दिसेल. त्याने वरचा फवारा थांबतो, आत शिरणारी घाण थांबत नाही. तो तुकडा बदलायचाच, आणि बदलताना गटाराच्या वर, भिंतीला क्लॅम्प मारून न्यायचा. एकट्याला परवडत नाही, पण त्या लाइनवर जितकी घरं आहेत तितक्यांनी वर्गणी काढली तर होतं. प्लंबर लायसन्सवाला बघा.

आणि टिल्लू पंप, म्हणजे लाइनमधून पाणी ओढायची छोटी मोटर. मला माहितीय वरच्या घरांना प्रेशर नसतं, बायका रात्रीच्या झोपा मोडून बसतात, तरी थेट लाइनला पंप लावू नका. तो नुसतं पाणी नाही ओढत, जिथे जिथे लीक आहे तिथून गटारही ओढतो, आणि तुमच्या पुढच्या चार घरांचं पाणी तोडतो. ते बेकायदेशीर आहे हे वेगळंच. प्रेशर कमी असेल तर नळाच्या पातळीला किंवा त्याच्या खाली टाकी ठेवून तिच्यात पाणी पडू द्या आणि त्या टाकीतून पंपाने वर चढवा, यात लाइनवर ओढ बसत नाही.

आता भरणं. पाणी आलं की पहिली पाच मिनिटं पिण्याचं भरायचं नाही. फेकायचंही नाही, ती बालदी संडासला, लादी पुसायला. वास गेला, पाणी निवळ दिसायला लागलं की आधी पिण्याचा हंडा, मग स्वयंपाकाचं, मग पिंप. घाईत सगळे उलटं करतात, पिंप मोठं म्हणून आधी पिंप. नळाची रबरी नळी जमिनीवर पडू देऊ नका, काम झालं की खुंटीला लटकवा, कारण तिचं तोंड मोरीत पडलेलं असतं आणि तेच तोंड आपण पाण्यात बुडवतो.

पाणी गाळायचं असेल तर जुनी सुती साडी घ्या, नवी नको. वापरून वापरून धागे फुगतात आणि जाळी बारीक होते. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात यावर मोठा अभ्यास झाला, २००३ साली छापून आला, साडीच्या निदान चार घड्या करून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा जवळजवळ निम्म्याने कमी झाला. आपल्या आज्या हे करतच होत्या. फक्त ते फडकं रोज धुऊन कडक उन्हात वाळवायचं, ओलं फडकं नळाला तसंच बांधून ठेवलं तर त्यातच जंतू वाढतात. आणि गाळलं म्हणजे शुद्ध झालं असं नाही. तुरटीचंही तेच, तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

जंतू मारायला उकळणं सगळ्यात खात्रीचं, पाणी खळखळून उकळायला लागलं की एक मिनिट तसंच ठेवा आणि गॅस बंद करा, वीस मिनिटं उकळून सिलेंडर संपवायची गरज नाही. घरात लहान बाळ, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल तर त्यांचं तरी उकळाच. बाकीच्यांसाठी क्लोरीनच्या गोळ्या नाहीतर थेंब, पालिकेच्या दवाखान्यात किंवा आरोग्य सेविकेकडे विचारा, मेडिकलमध्येही मिळतात. किती लिटरला किती ते पाकिटावर लिहिलेलं असतं, गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात म्हणून शेजारणीचं माप वापरू नका. टाकल्यावर अर्धा तास थांबायचं, मगच प्यायचं. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, गाळा, मग गोळी, कारण गाळात क्लोरीन फुकट जातं. थोडा वास येणारच. उन्हाळ्यात आणखी एक सोपा उपाय आहे, निवळ पाणी रंग नसलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत, जास्तीत जास्त दोन लिटरच्या, भरून पत्र्यावर कडक उन्हात सहा तास आडवी ठेवायची. ढगाळ असेल तर दोन दिवस लागतात, म्हणून पावसाळ्यात यावर विसंबू नका.

पिण्याच्या पाण्यात हात जाता कामा नये. एवढं एक जरी पाळलं तरी घरातली जुलाबाची दुखणी कमी होतील. ग्लास बुडवून पाणी घेणं बंद, लांब दांड्याचं ओगराळं घ्या नाहीतर तोटीचा माठ, आणि तो माठ पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर.

पिंपाबद्दल मुंबईत वेगळं सांगायलाच हवं, कारण डेंग्यूचा डास घाणीत नाही, आपण साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून कोरडा दिवस पाळायचा. नुसतं रिकामं करून परत भरलं तर उपयोग नाही. डास अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या भिंतीला चिकटवतो, टॉर्च मारलात तर बारीक काळे ठिपके दिसतील, आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. ती काथ्याने नाहीतर ब्रशने घासून काढावी लागतात. झाकण घट्ट हवं, ते तुटलं असेल तर जुनी ओढणी ताणून इलॅस्टिकने बांधा. छपरावरच्या ताडपत्रीच्या घड्या, टायर, कुंडीखालची ताटली, तेही त्याच दिवशी.

कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी संडासला ठेवा. पण यापलीकडे वस्तीतल्या बाईला पाणी वाचवायचे धडे देऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. इमारतीला माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीला ४५, असाच पालिकेचा हिशोब वर्षानुवर्षं होता. ४५ लिटरमध्ये अंघोळ, कपडे, भांडी, संडास सगळं भागवणाऱ्या बाईकडे वाचवायला उरतंय काय?

आता संडास, कारण तो आणि नळ वेगळे विषय नाहीतच. लहान पोरांची शी कागदात गुंडाळून गटारात टाकली की ती त्याच गटारात गेली ज्यातून तुमचा पाइप जातो. पोराची शी मोठ्यांच्या शीइतकीच धोक्याची असते, ती संडासातच टाकायची, मग हात साबणाने. सार्वजनिक संडासात साबण राहत नाही, चोरीला जातो, यावर उपाय म्हणजे साबण जुन्या मोज्यात घालून, गाठ मारून दाराशी बांधून ठेवायचा, मोज्यावरूनच हात घासायचा. नळ नसेल तर पाच लिटरच्या कॅनला खाली खिळ्याने भोक पाडून लटकवा, झाकण सैल केलं की धार येते, घट्ट केलं की बंद. एवढ्याशा धारेत चार-पाच जणांचे हात होतात.

संडासाची कमिटी असेल तर मीटिंगमध्ये बायकांनी बसलंच पाहिजे, कारण आतली कडी, रात्रीचा बल्ब आणि पॅड टाकायचा झाकणाचा डबा हे विषय पुरुषांच्या डोक्यात येत नाहीत. मुली बल्ब नाही म्हणून संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात आणि इन्फेक्शन होतं.

सेप्टिक टँक भरला की काहीही झालं तरी माणूस आत उतरवू नका. आतल्या गॅसने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो, मुंबईत हे पुन्हा पुन्हा झालंय. २०१३ च्या कायद्याने ते बंद केलेलं आहे. वॉर्ड ऑफिसला अर्ज करून सक्शनची गाडी मागवा. गल्ली अरुंद आहे, गाडी येत नाही म्हणतील, तर लांब पाइप मागा.

जुलाब सुरू झालेच तर ओआरएसचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, मीठ जास्त नको. बाळाचं अंगावरचं दूध थांबवायचं नाही. डोळे खोल गेले, लघवी होईना, पोर मलूल पडलं, शीत रक्त दिसलं, तर घरी वाट बघत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. पावसात तुंबलेल्या पाण्यातून गेलात आणि पायाला जखम असेल तर लेप्टोसाठी (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार) ७२ तासांच्या आत डॉक्टरला दाखवा.

कनेक्शनच नसेल तर हे लक्षात ठेवा. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की घर अनधिकृत असलं तरी पाणी नाकारता येत नाही, आणि मे २०२२ मध्ये पालिकेने सर्वांसाठी पाणी हे धोरण आणलं. म्हणजे २००० नंतरचं घर आहे हे कारण चालत नाही. रेल्वे, विमानतळ, जंगलाच्या हद्दीतल्या वस्त्यांचं अजून अडकतं, तिथे एकेकट्याने न जाता संघटनेला धरून जा. अर्ज गल्लीतल्या घरांनी मिळून करा, वॉर्ड ऑफिसच्या पाणी खात्यात, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

घाण पाण्याची तक्रार पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर फोन करून द्या. तक्रार नंबर लिहून घ्या, बाटलीत पाणी भरून तारीख-वेळ टाकून फोटो काढा, आणि सॅम्पल घ्यायला माणूस येईल तेव्हा पाणी नुकतंच आलेलं असेल अशीच वेळ मागा. अर्ध्या तासाने घेतलेलं सॅम्पल चांगलंच येतं, कारण तोवर पाइपातली घाण तुमच्या बालदीत जाऊन पडलेली असते.